पन्नाशी उलटलेली लॅम्ब्रेटा किंवा व्हेस्पा 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची, तर काय लागतं?

मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची स्कूटर पुन्हा चालू करायचं मनात आलं, की बहुतेक जण आधी पेंटरकडे धाव घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी आरसी बुक शोधा. रंग, क्रोम, इंजिनाचं काम कधीही होतं. कागदाची गाठ सुटली नाही, तर पदरचे एवढे पैसे घालून उभी केलेली गाडी अंगणातच राहते.

व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातली. ती दुचाकी आणि चारचाकी दोन्हींना आहे. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावीत आणि गाडी मूळ रूपात असावी, या दोन मुख्य अटी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, हे ध्यानात ठेवा. ती तारीख आरसीवरच असते, म्हणून तर आधी आरसी.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या स्कूटर आता या वयात आल्या आहेत. मुंबईच्या एपीआयने, म्हणजे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, लॅम्ब्रेटाची मूळ कंपनी असलेल्या इटलीतल्या इनोचेंतीच्या सहकार्याने लॅम्ब्रेटा बनवल्या. बजाजने व्हेस्पाची मूळ इटालियन कंपनी पिआज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. थेट इटलीहून आणलेली मोटो गुझी किंवा डुकाटी मोटरसायकल असेल तर नियम हेच, फक्त कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, जोडावी लागते. हा कागद हरवला असेल तर तशी गाडी विकत घेताना दहा वेळा विचार करा.

आता सुट्या भागांचं. लॅम्ब्रेटावाल्यांचं एक भाग्य आहे. इनोचेंतीने उत्पादन बंद केल्यावर तिथली यंत्रसामग्री १९७२ साली लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली आणि पुढे कैक वर्षं इथे लॅम्ब्रेटाच्या घराण्यातल्या स्कूटर बनत राहिल्या. त्यामुळे क्लच प्लेटा, केबल, गिअरचे भाग, रबरं आजही मिळतात, आणि परदेशातले शौकीनही भारतातूनच माल मागवतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात धीराने फिरलात, तर मूळ दिव्याची काचसुद्धा हाती लागते. केबल, टायर, क्लच ही झिजणारी वस्तू आहे, ती बदलली म्हणून गाडीचं मूळपण जात नाही. पण इंजिनाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, मात्र जपा. आटे गेले म्हणून मेकॅनिक 'दुसरं केसिंग टाकू, स्वस्तात पडेल' म्हणतो, आणि त्या केसिंगवर नंबर दुसऱ्याच गाडीचा असतो. त्यापेक्षा लेथवाल्याकडून बुश घालून नवे आटे पाडून घ्या. महाग पडलं तरी चालेल, आरसीवरचा इंजिन नंबर तुमच्या गाडीवर राहतो. मोठा भाग घ्याल तेव्हा बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

चासी नंबरची गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवातली. काकांच्या व्हेस्पाचा नंबर इंजिनाच्या बाजूच्या पॅनेलखाली, पत्र्याच्या कडेला ठोकलेला आहे. पेंटरने गंज घासून तिथे सफाईने लांबी (पुट्टी) भरली आणि वर तीन हात रंग दिला. तपासणीआधी पेन्सिल प्रिंट घ्यायला बसलो, पातळ कागद दाबून धरला, पेन्सिल आडवी फिरवली, तर कागद सगळा सपाट काळा. एकही आकडा उठला नाही. पेंट रिमूव्हरने आणि जुन्या टूथब्रशने इंच इंच उघडत गेलो तेव्हा कुठे आकडे दिसले. ग्राइंडर लावला असता तर कायमचे गेले असते. म्हणून काम सुरू होण्याआधीच दोन्ही नंबरांचे ठळक फोटो आणि प्रिंट काढा आणि आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा.

बहुतेकांची गाडी अडते ती नावावर. आरसीवर आजोबांचं नाव आणि आजोबा हयात नाहीत, अशी स्थिती असेल तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. भावंडांच्या सह्या गोळा करण्यात महिने जातात, तेव्हा हे काम गाडी गॅरेजमध्ये असतानाच उरकावं. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मिळवा. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी हवी, ती फॉर्म २८ वर.

एवढं जमलं की अर्ज सोपा आहे. परिवहन पोर्टलवर फॉर्म २० भरायचा. सोबत चालू विमा, जुनी आरसी, आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. सगळं नीट असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मधलं प्रमाणपत्र द्यावं, असा नियम आहे. ते १० वर्षं चालतं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. गाडीचा जुना नंबर असेल तर तो तसाच ठेवता येतो. माझ्या मते तो ठेवावाच, आजोबांनी घेतलेल्या नंबराची सर नव्या पाटीला नाही. नवा नंबर घेतलात तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

एक गोष्ट अर्ज करण्याआधी घरात बसून ठरवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रविवारी मंडईत जायला, नातवाला शाळेत सोडायला स्कूटर हवी असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे. तुमची आरसी अजून रद्द झालेली नसेल तर फॉर्म २५ वर नेहमीचं नूतनीकरण करा, तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत मिळते. काकांच्या व्हेस्पाचं आम्ही तेच केलं.