होल-इन-द-वॉल प्रयोग

रस्त्याकडेच्या भिंतीत संगणक बसवून मुले शिक्षकाशिवाय त्यावर काय शिकतात, हे पाहणारा भारतीय शैक्षणिक प्रयोग. त्यामागील पद्धतीला ‘किमान हस्तक्षेपी शिक्षण’ म्हणतात. हे नाव कमीत कमी चिरफाडीच्या शस्त्रक्रियेवरून घेतलेले आहे.

प्रयोगाचा आरंभ सामान्यतः 26 जानेवारी 1999 हा मानतात. दिल्लीत कालकाजी येथे एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण संस्थेच्या कार्यालयाची कुंपणभिंत झोपडवस्तीला लागून होती. संस्थेतील संशोधक सुगत मित्रा यांनी त्या भिंतीला भोक पाडून इंटरनेट जोडलेला संगणक बसवला. कल्पनेचा उगम मात्र अधिक जुना आहे. डिसेंबर 1988 मध्ये गोव्यात भरलेल्या अखिल भारतीय शैक्षणिक संशोधन संघटनेच्या अधिवेशनात मित्रा यांनी संगणक-साक्षरतेवर निबंध वाचला होता आणि देखरेखीविना संगणक हाताळण्याचा विचार ते त्या निबंधापासून धरतात. धागा आणखी मागे, संगणकतज्ज्ञ सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांच्या लोगो या मुलांच्या संगणकभाषेपर्यंत (1967) नेता येतो. परंतु लोगोमागे मुलांसाठी मुद्दाम रचलेली भाषा आणि मदतीला प्रौढ होते. कालकाजीत दोन्ही नव्हते. म्हणून 1988 हे बीज आणि 1999 हा प्रयोगारंभ, अशी विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

पहिल्या यंत्राला कळफलक नव्हता, फक्त बोट फिरवून बाण हलवण्याची स्पर्शपट्टी (टचपॅड) होती. मुलांनी पडद्यावरच्या अक्षरतक्त्यातून एकेक अक्षर उचलून लिहिण्याची वाट शोधली. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ किंवा ‘तीर’ म्हणत. काम चालू असल्याचे दाखवणारे वाळूचे घड्याळ त्यांच्या लेखी ‘डमरू’ होते. वस्तू ओळखीची झाली, तिला घरातले नाव मिळाले, आणि इंग्रजी शब्द न येताही काम अडले नाही. प्रयोगातील ही सर्वांत बोलकी नोंद होय. पुढे मध्य प्रदेशात शिवपुरी, उत्तर प्रदेशात मदनतुसी आणि मग अन्य राज्यांत अशी केंद्रे उभी राहिली.

मूल्यमापनावर मतभेद आहेत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 17 ठिकाणच्या अभ्यासात प्रगती मुख्यतः पडद्यावरील चिन्हे (आयकॉन) ओळखण्याच्या चाचणीने मोजली. ते संगणक हाताळण्याचे कौशल्य ठरते. शालेय ज्ञान नव्हे. शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक मार्क वॉरशॉअर यांनी कालकाजी पाहून मुलांचा बराच वेळ खेळ आणि चित्रकलेत जातो, पालकही साशंक आहेत, असे नोंदवले. संशोधक पायल अरोरा यांना उत्तराखंडातील अल्मोडा व हवालबाग येथील केंद्रे बंद पडलेली आढळली (2010). त्याच वर्षी मित्रा व ऋतू डंगवाल यांनी तमिळनाडूतील कलिकुप्पमचा अभ्यास प्रसिद्ध केला: मुलांनी जैवतंत्रज्ञानाचा इंग्रजी मजकूर स्वतः वाचला आणि त्यांचे गुण जवळपास शून्यावरून सुमारे 30 टक्क्यांवर गेले. मग विषय न जाणणारी एक ओळखीची तरुणी नुसते कौतुक करत, प्रश्न विचारत सोबत राहिली आणि गुण सुमारे 50 टक्क्यांवर पोचले. यंत्राएवढेच त्या कौतुकाचेही मोल या आकड्यांतून दिसते. म्हणून ‘शिक्षकाशिवाय’ हा शब्द सावधपणेच वापरावा लागतो.

महाराष्ट्रापुरता सर्वांत उपयुक्त पुरावा सिंधुदुर्गातील खेड्यांतून येतो. परिमला इनामदार आणि कुलकर्णी यांच्या तुलनात्मक अभ्यासात (2007) भिंतीतील संगणक वारंवार वापरणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती अधिक दिसली. येथे मोजमाप शाळेच्या विषयाचे आहे, आणि त्यामुळेच ते चिन्हांच्या चाचणीपेक्षा वजनदार ठरते.

2013 मध्ये मित्रा यांना टेड या व्याख्यानमाला भरवणाऱ्या संस्थेचे पारितोषिक (10 लाख डॉलर) मिळाले. त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’ची केंद्रे उभी राहिली, त्यांपैकी एक फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत. तेथे संगणक भिंतीतून खोलीत आला, मुले गटाने प्रश्नांची उत्तरे शोधू लागली आणि परदेशातील ‘आजी’, म्हणजे मुलांना प्रोत्साहन देणाऱ्या स्वयंसेवी व्यक्ती, पडद्यावरून त्यांच्याशी बोलू लागल्या.