‘ड्रग कोर्ट’ आणि एनडीपीएसचे विशेष न्यायालय: उपचाराचा पैसा कुठून येतो?

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एका आईने मला विचारले होते, “ताई, माझ्या मुलाची केस ड्रग कोर्टात चालवा, असा अर्ज करता येतो का? तिथे तुरुंगात न टाकता उपचाराला पाठवतात म्हणे.” तिने ज्याविषयी ऐकले होते ते न्यायालय अमेरिकेतले, आणि ज्या दालनाकडे बोट दाखवून ती विचारत होती ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखालचे विशेष न्यायालय. अमली पदार्थांचे खटले दोन्हीकडे चालतात आणि बोलण्यात दोघांनाही ‘ड्रग कोर्ट’ म्हटले जाते, त्यामुळे चूक तिची नव्हती. मात्र या दोन न्यायालयांची कामे इतकी वेगळी आहेत की एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली तर कुटुंबाचे मोलाचे दिवस वाया जातात.

आपल्याकडचे विशेष न्यायालय हे गंभीर गुन्ह्यांसाठी आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात १९८९ साली दुरुस्ती होऊन ते आले, आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हेच त्याच्यापुढे चालतात. शिक्षा किती हे जप्त मालाच्या वजनावर ठरते. पुण्यात ज्याला ‘एमडी’ म्हणतात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावरील कारवाईमुळे ज्याचे नाव घराघरांत पोहोचले, त्या मेफेड्रोनचे उदाहरण घेऊ. दोन ग्रॅमपर्यंतचा साठा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पन्नास ग्रॅमच्या वरचा साठा ‘व्यापारी प्रमाण’ ठरतो आणि तिथे किमान दहा व कमाल वीस वर्षांची शिक्षा आहे. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. याचा अर्थ असा की निव्वळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, आणि ज्याला उपचाराची गरज सर्वांत उघड असते तो तरुण या विशेष न्यायालयाची पायरी बहुधा चढतच नाही. त्या दालनात जामीन कठीण, पुरावा तांत्रिक आणि प्रश्न एकच, की गुन्हा सिद्ध झाला की नाही. आरोपीची तलफ कमी झाली का, हे विचारण्यासाठी ते न्यायालय निर्माणच केलेले नाही.

अमेरिकेतील ड्रग कोर्ट नेमका हाच प्रश्न विचारण्यासाठी निघाले. पहिले १९८९ साली फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीत सुरू झाले. तिथे न्यायाधीशांभोवती एक चमू असतो: सरकारी वकील, बचावाचा वकील, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी, उपचार देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी आणि या सर्वांचा मेळ घालणारा समन्वयक. आरोपी एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ कार्यक्रमात राहतो, ठरावीक दिवशी न्यायाधीशांसमोर उभा राहतो, त्याची लघवी वारंवार तपासली जाते, आणि सर्व टप्पे पार पडले की आरोप मागे घेतले जातात किंवा शिक्षा सौम्य होते. व्यसन पुन्हा उसळले तर काही ठिकाणी दोन-चार दिवस कोठडीतही धाडतात, आणि अनेक ठिकाणी प्रवेशासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. या दोन गोष्टी मला मान्य नाहीत. उसळी हा आजाराचाच भाग आहे, आणि उपचाराच्या आशेने दिलेली कबुली पुढे माणसाच्या गळ्यात राहू शकते. म्हणून हा नमुना जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. तिथल्या पैशाच्या व्यवस्थेकडे मात्र आपण बारकाईने पाहायला हवे.

अमेरिकेचा केंद्रीय न्याय विभाग ड्रग कोर्टांना अनुदान देतो, पण एकूण खर्चाचा चौथा हिस्सा स्थानिक यंत्रणेने उभा करावा अशी त्याची अट असते, आणि हिंसक गुन्ह्यातील आरोपी त्या पैशातून घेता येत नाहीत. अनुदान काही वर्षांचे असते. ते संपले की चालू खर्चाचा प्रश्न उरतो. पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याने यावर जे उत्तर शोधले ते मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. २००२ साली तिथे अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांतील तुरुंगवास कमी करण्यात आला आणि त्यातून वाचणारा पैसा आरोपींच्या उपचारासाठी वेगळ्या खात्यात वळवण्याची सोय झाली. पुढे २००५ मध्ये काउंटींना, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यांना, विक्रीकरात एक दशांश टक्क्याची भर घालण्याची परवानगी मिळाली. हा पैसा व्यसन व मनोविकारांवरील उपचार आणि ड्रग कोर्टासारखी उपचाराधिष्ठित न्यायालये यांसाठीच वापरायचा. सिएटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तिने तो कर लावला. शंभर रुपयांच्या खरेदीवर दहा पैसे, असे त्याचे प्रमाण. शिवाय असा कर लावणाऱ्या काउंटीने, आईवडिलांच्या हेळसांडीमुळे मुलांचा ताबा ज्यांत प्रश्नाखाली येतो अशा खटल्यांसाठीही उपचाराधिष्ठित न्यायालय चालवलेच पाहिजे, असे कायदा सांगतो.

हे ऐकून ‘आपल्याकडे असे कर कोण लावू देणार’ असे कुणी म्हणेल. पण पगारातून दरमहा कापला जाणारा दोनशे रुपयांचा व्यवसाय कर आठवून पाहावा. १९७५ साली महाराष्ट्राने तो रोजगार हमी योजनेसाठीच आणला. एका कामासाठी ठरवून पैसा उभा करणे मराठी माणसाला अपरिचित नाही.

मग आपल्या कायद्यात उपचाराची वाट आहे की नाही? आहे, आणि तिचे दोन फाटे आहेत. कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून उपचार मागितले आणि घेतले तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ दोषी ठरल्यानंतरचे आहे: न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता, त्या व्यक्तीच्या संमतीने आणि बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, तिला उपचारासाठी सोडू शकते, एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल सादर करावा लागतो आणि तो समाधानकारक असेल तर ताकीद देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते. दोन्हीकडे व्यक्ती ‘व्यसनी’, म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेली, असावी लागते; एखाद्या पार्टीत कधीतरी घेणारा त्यात बसत नाही. आणि ज्याच्याकडे स्वतःसाठीच आणलेले पण तीन ग्रॅम एमडी सापडले, त्याला त्या साठ्याच्या आरोपापुरती ही दोन्ही दारे बंद होतात. एका ग्रॅमने उपचार आणि दहा वर्षे यांच्यात भिंत उभी राहावी, हे मला अतिशय क्रूर वाटते.

पैशाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही फाटे सारखेच रिकाम्या हाताचे आहेत. आदेशाच्या कागदाबरोबर एक रुपयाही येत नाही. कायद्याच्या कलम ७-अ मध्ये अमली पदार्थांच्या दुरुपयोगाच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधी आहे, त्यात तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम जमा होते आणि व्यसनींवरील उपचार हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देते. हे अनुदान केंद्राला, त्याच्या खाटांना आणि कर्मचाऱ्यांना मिळते. न्यायालयाने पाठवलेल्या रुग्णाशी ते जोडलेले नसते. त्यामुळे आदेश हाती पडल्यावर जागा शोधणे, दाखल करणे, वर्षभर पाठपुरावा करणे आणि अहवाल वेळेत न्यायालयात पोहोचवणे हे सगळे आईवडिलांवर येते. अमेरिकेत ज्या कामासाठी पगारी समन्वयक असतो, ते काम इथे धुणीभांडी करणारी आई रजा टाकून करते.

पुण्याकडे याबाबतीत इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे. ससून रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या सरकारी संस्था आहेत, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ लाभलेले मुक्तांगण आहे. त्यातही कलम ६४-अ मधील एक शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. कलम ३९ फक्त सरकारने चालवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांविषयी बोलते, तर ६४-अ त्यांच्याबरोबर ‘स्थानिक प्राधिकरणाने’ चालवलेल्या वा मान्यता दिलेल्या संस्थाही मान्य करते. म्हणजे पुणे महानगरपालिकेने आपल्या रुग्णालयांत काही खाटा राखून ठेवल्या, एखाद्या केंद्राला मान्यता दिली आणि न्यायालयाकडून येणाऱ्या रुग्णांसाठी दोन समन्वयकांचा पगार अंदाजपत्रकात धरला, तर त्यासाठी संसदेकडे नवा कायदा मागावा लागणार नाही.

त्या आईला मी एवढेच सांगितले, की आधी पंचनाम्यात वजन किती लिहिले आहे ते पाहू. ते दोन ग्रॅमच्या आत होते, म्हणजे तिचा अर्ज त्या दालनात नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायला हवा होता, आणि मुलगा व्यसनाधीन असल्याचे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र त्याला जोडायला हवे होते. वकिलासाठी पैसे नव्हते. मुलगा कोठडीत असल्याने १९८७ च्या कायद्यानुसार त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क होता. आम्ही दोघी तिथूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे गेलो.