दोनशे सव्वीस किलोमीटर आणि एक पोट

1978 साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन शर्यत झाली: आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं सलग. 15 जण पाण्यात उतरले, 12 जणांनी शर्यत पूर्ण केली. सायकल संपेपर्यंत जॉन डनबार पुढे होता. मग धावताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली. गॉर्डन हॅलरने त्याला मागे टाकलं आणि 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत शर्यत जिंकली. पोटात काय जातं यावर निकाल फिरण्याची परंपरा अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

अंतरं तेव्हा ठरली ती आजही तीच आहेत: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणं, तेही साधारण 17 तासांच्या आत. याच्या निम्मी, 113 किलोमीटरची शर्यत 2019 पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होते आणि पुण्यातले बरेच हौशी खेळाडू तिथूनच सुरुवात करतात. तयारीत सगळा भर पायांवर आणि दमावर असतो. सिंहगड किती वेळा चढलो, कात्रज घाटात किती मिनिटं लागली याच्या नोंदी चोख असतात. तासाला किती ग्रॅम साखर पचते, असं विचारलं की मात्र शांतता.

आधी खर्चाचा हिशेब मांडू. 70 किलोचा एक खेळाडू घ्या. धावण्याचा खर्च दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे 1 किलोकॅलरी, म्हणजे मॅरेथॉनचे साधारण 2,950. सायकलवर तो सरासरी 150 वॉट देत ताशी 27 किलोमीटरने गेला, तर तासाला सुमारे 540 आणि 6 तास 40 मिनिटांचे 3,600. पोहण्याचे 900 धरा. एकूण झाले साडेसात हजारांच्या आसपास.

आता जमेची बाजू. स्नायूंमध्ये 400 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांची शिल्लक, साठलेलं असतं. त्यातून मिळतात जेमतेम 2,000 किलोकॅलरी. चरबीचा साठा अफाट असतो. सडपातळ माणसाच्या अंगावरही पन्नास-साठ हजार किलोकॅलरींची चरबी सहज निघते. पण चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर चरबी सोडून कर्बोदकांकडे वळतं, आणि तो साठा तर छोटा. तो आटला की पाय उचलत नाहीत, डोकं जड होतं, बेरीज-वजाबाकीसुद्धा जमेनाशी होते.

मधली खिंड खाण्याने भरायची. आपल्या खेळाडूने सायकलवर तासाला 80 ग्रॅम आणि धावताना 50 ग्रॅम कर्बोदकं घेतली, तर दिवसभरात सुमारे 3,100 किलोकॅलरी आत जातील. साठ्याच्या 2,000 धरल्या की उरल्या 2,300 ते 2,400. त्या पाव किलोच्या आसपास चरबीतून निघतात आणि गणित जुळतं. सायकलवर 80 ऐवजी 30 ग्रॅम घेतले तर तेराशे किलोकॅलरींचा खड्डा पडतो. तो मॅरेथॉनच्या उत्तरार्धात चालत जाऊन भरावा लागतो.

मग खा की भरपूर, अडवलंय कोणी? आतड्याने. लहान आतड्याच्या अस्तरात ग्लुकोजला आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. ती सोडियमच्या जोडीने ग्लुकोज ओढतात आणि पाठोपाठ पाणीही आत येतं. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी याच कारणाने लागू पडतं. मात्र हा रस्ता तासाला सुमारे 60 ग्रॅमवर तुंबतो. जास्तीचं ग्लुकोज आतड्यातच पडून राहतं, पाणी ओढून घेतं, पोट फुगतं आणि पुढे काय होतं ते रस्त्याकडेच्या फिरत्या शौचालयासमोरची रांग सांगते. फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा आहे. त्याचा वाहक निराळा आणि त्याला सोडियम लागत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात आस्कर युकेंड्रुप आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की दोन्ही साखरा मिसळून दिल्या तर शरीर तासाला 90 ग्रॅमच्या आसपास घेऊ शकतं.

घरातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. त्यामुळे आयात जेलचं, म्हणजे पाकिटातल्या घट्ट साखरपाकाचं, बरंचसं काम तुळशीबागेच्या पिशवीतून आणलेली साखर करते. 750 मिलीलीटरच्या बाटलीत 60 ग्रॅम साखर, 1.5 ग्रॅम मीठ आणि अर्धं लिंबू. साखर वजनकाट्यावर मोजा, चमच्याचा भरवसा नाही. मीठ म्हणजे 5 मिलीच्या मापाचा सपाट पाव चमचा, त्यात सुमारे 590 मिलिग्रॅम सोडियम येतं. हे झालं 8 टक्क्यांचं द्रावण, बहुतेकांच्या जठरातून बिनतक्रार पुढे सरकतं. तासाला 80-90 ग्रॅमवर जायचं तर हेच प्रमाण वाढवत नेऊन चालत नाही, कारण पाचव्या तासाला तोंड गोडाने इतकं विटतं की बाटलीकडे बघवत नाही. तिथे थोडी साखर कमी करून माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. ते ग्लुकोजच्याच साखळ्यांचं बनलेलं, पण चवीला जवळजवळ अळणी.

ओआरएसबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या एक लीटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं फक्त 13.5 ग्रॅम. क्षार भरून काढायला ते उत्तम, पण त्यावर 180 किलोमीटर सायकल चालणार नाही. शिवाय दुकानात थंडगार मिळणारं प्रत्येक गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटामागची घटकांची चौकट वाचा.

खजूर, केळं, राजगिऱ्याची वडी सायकलच्या पहिल्या निम्म्या भागात ठीक. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. शेंगदाण्याची चिक्की मात्र घरी ठेवा. तिच्यातल्या स्निग्धांशामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. शेवटच्या तासाभरात फक्त पातळ घ्यायचं, कारण धावायला लागल्यावर पोट वर-खाली हिंदकळतं. त्यातच रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं. आतड्याला मिळणारा पुरवठा घटतो आणि सकाळी सहज पचलेली गोष्ट दुपारी उलटते.

आतड्यालाही सराव लागतो. रोजच्या खाण्यात आणि सरावात कर्बोदकं वाढवली की काही आठवड्यांत वाहकांचं काम वाढतं. तासाला 40 ग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला दहा-दहाने चढवत न्यावं. यासाठी घाटापेक्षा सोलापूर रस्ता बरा. उरुळी कांचन, यवत मागे टाकून भिगवणपर्यंत जाऊन परत आलं की दोनशेच्या घरात अंतर होतं. रस्ता बराचसा सपाट आहे, एका लयीत पेडल मारत खाता येतं. पहाटे निघा, अवजड वाहनांपासून जपून. आणि वाटेत मिसळीला थांबू नका. रविवारच्या सायकल फेरीचा तोच आत्मा आहे हे मान्य, पण अर्धा तास बसून खाल्लेली मिसळ पोटाला शर्यतीचं काहीच शिकवत नाही.

आता घाम. स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के, म्हणजे जाळलेल्या इंधनातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होतो. आपला खेळाडू सायकलवर तासाला 400 किलोकॅलरींहून जास्त उष्णता तयार करतो. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे 700 मिलीलीटर घाम पुरायला हवा. पण कळीचा शब्द ‘वाळला’ हा आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत, ताशी 27 किलोमीटरच्या वाऱ्यात तो वाळतो, इतका की घाम आलाच नाही असं वाटतं आणि जर्सीवर नुसती मिठाची पांढरी नक्षी उरते. गोव्याच्या दमट हवेत तो कोपरावरून ठिबकतो. ठिबकलेला घाम काहीच थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. त्यात धावताना उष्णता वाढते आणि वारा जातो. सायकलवर ठणठणीत दिसलेला माणूस धावायला लागल्यावर दहाव्या किलोमीटरला ढेपाळतो, तो बहुतेक वेळा यामुळे.

आपला घाम किती, हे घरी मोजता येतं. लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा. तासभर शर्यतीच्या वेगाने सायकल चालवा किंवा धावा, प्यायलेलं पाणी मोजून ठेवा. मग अंग पुसून पुन्हा वजन. सुरुवातीला 70.2, नंतर 69.4, मध्ये अर्धा लीटर पाणी: तासाला 1.3 लीटर घाम. जानेवारीच्या पहाटे आलेला आकडा गोव्याला उपयोगाचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी पुन्हा मोजा. सगळा घाम भरून काढायची गरज नसते, वजनात दोन-तीन टक्क्यांची घट चालते.

उष्णतेची सवय मात्र होते आणि लवकर होते. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उकाड्यात व्यायाम केला की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुण्यात पहाटे पाचला सराव करणाऱ्यांची नेमकी इथे गोची होते. थंडीतला सगळा सराव गारव्यात आणि शर्यत उकाड्यात. शेवटचे दोन आठवडे सकाळी नऊनंतर बाहेर पडावं, नाहीतर पंखा बंद करून खोलीत स्थिर सायकल चालवावी. घरच्यांची परवानगी ज्याची त्याने काढावी.

पोहण्याचा भाग एकूण वेळेत लहान, पण पोटाची पहिली परीक्षा तिथेच. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. दोन-चार घोट गिळले की ते आतड्यात पाणी ओढतात, मळमळ सुरू होते आणि सायकलवरची पहिली बाटली नकोशी वाटते. म्हणून दोन्ही बाजूंना श्वास घेता यायला हवा. लाट डावीकडून आली की तोंड उजवीकडे. 25 मीटरच्या तलावात 3.8 किलोमीटर म्हणजे 152 फेऱ्या. दर फेरीला भिंतीवर लाथ मारून काही मीटर फुकट मिळतात, समुद्रात भिंत नाही. बालेवाडीच्या 50 मीटरच्या तलावात हा फरक निम्मा होतो. खडकवासल्यात उतरायचा मोह आवरा. धरणात ना तळाचा अंदाज येतो, ना बुडताना कोणी पाहत असतं.

सायकलवर हिशेब बिघडवणारी गोष्ट म्हणजे उत्साह. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. ताशी 27 वरून 30 वर जायला हवेविरुद्ध सुमारे 37 टक्के जास्त शक्ती लागते आणि 180 किलोमीटरमध्ये वाचतात 40 मिनिटं. ती जास्तीची शक्ती मुख्यतः ग्लायकोजेनमधून येते. धावताना ती 40 मिनिटं व्याजासकट परत जातात. तासभर टिकवता येणाऱ्या कमाल शक्तीच्या 65 ते 75 टक्क्यांत राहावं. पेडलवरची शक्ती मोजणारा पॉवरमीटर नसेल तर बोलून पाहा, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वेग हवाच असेल तर कोपरं आत घ्या, डोकं खाली करा. अडथळ्याचा मोठा वाटा सायकलचा नसून अंगाचा असतो, त्यामुळे महागडी चाकं नंतर.

खराब रस्त्यावर बाटली स्टँडमधून उडते, हे अगदी नेहमीचं. तिच्याबरोबर तासाभराचं इंधन जातं. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आवळा, पिंजरा सैल असेल तर बदला, आणि जेलची तीन-चार पाकिटं फ्रेमवरच्या पिशवीत ठेवा.

धावताना पोट डुचमळायला लागलं तर आत गेलेलं पुढे सरकत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी आणखी जेल घेणं ही सर्वांत वाईट चाल. वेग कमी करा, चाला, पंधरा-वीस मिनिटं साखर बंद, साध्या पाण्याचे छोटे घोट. डोक्यावर आणि मानेवर बर्फ ठेवला की त्वचेकडे धावणारं रक्त थोडं आतड्याकडे वळतं. पोट निवळलं की कोलाचे घोट. त्यात 100 मिलीलीटरमागे साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर आणि थोडं कॅफिन असतं.

याच्या उलटं टोक अधिक धोक्याचं. भीतीपोटी प्रत्येक थांब्यावर साधं पाणी ढोसत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लीटरमागे 135 मिलिमोलच्या खाली गेलं की हायपोनेट्रेमिया. दक्षिण आफ्रिकेतल्या टिम नोक्स यांनी 1985 मध्ये लांब पल्ल्याच्या खेळाडूंमधल्या अशा घटना नोंदवल्या, तोवर जास्त पाण्याने कोणी आजारी पडेल हे पटत नव्हतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात आणि मदतीला आलेला माणूस आणखी पाणी पाजतो. खूण बोटांवर शोधा. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतायला लागला असेल आणि वजन सुरुवातीपेक्षा वाढलं असेल, तर पाणी बंद आणि थेट वैद्यकीय तंबू. झटके आले तर जिवावर बेततं. गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण या गोळीमुळे मूत्रपिंडाची जादा पाणी बाहेर टाकायची क्षमता घटते. ती शर्यतीच्या पिशवीत ठेवूच नये.