काटा चुकतोय: फ्लोट गेला की अर्थिंग?

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा काहीबाही दाखवू लागला की सल्ला ठरलेला: ‘फ्लोट बदलून टाक.’ तापमानाचा काटा चढला की ‘सेन्सर बदल.’ नवा पार्ट येतो, बसतो, काटा तसाच. मग म्हणे पार्टच डुप्लिकेट होता, दुसरा आणा. मीही एकदा चांगला चालता फ्लोट भंगारात टाकलाय. दोष होता डिकीतल्या एका बोल्टखाली, गंजलेल्या.

फ्लोट काय करतो हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. टाकीतला तरंगता दांडा वरखाली होतो, तसा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) बदलतो आणि काटा हलतो. इंजिनवरच्या टेंपरेचर सेन्सरमध्ये उष्णता वाढली की रेझिस्टन्स उतरतो. जुन्या गाड्यांत या दोघांना बहुधा एकच वायर येते. करंटचा परतीचा रस्ता पत्र्यातून किंवा इंजिनच्या ब्लॉकमधून. तो रस्ता म्हणजे अर्थिंग. (डॅशबोर्डच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना यातलं काही लावू नका.)

सगळेच काटे मेले असतील तर फ्यूज बघा, दोन मिनिटांचं काम. पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले तर डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो काट्यांना सरासरी १० व्होल्ट देतो, जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये ५. त्याचं स्वतःचं अर्थिंग सुटलं की बॅटरीचा पूर्ण दाब काट्यांवर येतो. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता खरा घोळ. मेलेला सेन्सर एकाच पद्धतीनं चुकतो. हेडलाइट लावा, पंखा फिरवा, त्याला फरक पडत नाही. खराब अर्थिंगची चूक मात्र गाडीत आणखी काय चालू आहे त्यावर ठरते, कारण त्याच बोल्टवरून दिव्यांचाही करंट परत जात असतो. म्हणून इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा, ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या. इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर काटा थरथरला, किंवा ब्रेक दाबताच पेट्रोलचा काटा हलला (टाकीची आणि मागच्या दिव्यांची अर्थिंग कित्येकदा एकाच बोल्टवर असते), तर फ्लोटला हात लावू नका. तो निर्दोष आहे.

‘पण मी मल्टिमीटर लावून बघितलं, अर्थिंग ओके आहे,’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मीटर कशावर ठेवला होता? ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला. शंभर तारांच्या जाड वायरीतली एकच तार शाबूत असली तरी ओहम मीटर जवळपास शून्य दाखवतो, कारण तो वायरीतून नखाएवढा करंट सोडतो. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो, त्यात ०.१ ओहमचा दोष कुठे दिसणार? त्याच ०.१ ओहमच्या सांध्यातून १० अँपिअर गेले, म्हणजे साधारण दोन हेडलाइटचा करंट, की एक अख्खा व्होल्ट तिथंच खाल्ला जातो.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, त्याला वायर जोडणाऱ्या क्लॅम्पवर नाही. दुसरं संशयित बोल्टजवळच्या उघड्या पत्र्यावर किंवा सेन्सरच्या अंगावर. हेडलाइट आणि पंखा चालू. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर चोर सापडला. दिवे बंद ठेवून घेतलेलं हे माप कवडीमोलाचं.

टाकीच्या अर्थिंगची वेगळी वायर असेल आणि तिच्यावर दुसरं काही नसेल, तर दिवे लावूनही काटा हलणार नाही. तिथं तात्पुरती वायर कामाला येते. आधी सेन्सरची वायर काढून इग्निशन चालू करा: तापमानाचा काटा थंडावर यायला हवा. इग्निशन बंद करून तीच वायर स्वच्छ धातूला लावा, क्षणभर इग्निशन चालू करा: काटा गरमावर जायला हवा. दोन्ही झालं तर काटा आणि वायर शाबूत. मग वायर जागेवर जोडा आणि सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर लावा. काटा सुधारला तर अर्थिंग, नाही सुधारला तरच सेन्सर. पेट्रोलच्या बाबतीत हा प्रयोग टाकीजवळ ठिणगी पडणार नाही असा, टाकीपासून लांबच्या कनेक्टरपाशी करा.

पेट्रोलचा काटा कुठल्या दिशेला चुकतो हेही एकसारखं नसतं. फोर्डच्या जुन्या फ्लोटमध्ये रिकाम्या टाकीला साधारण ७३ ओहम, भरलेल्याला १०. जीएममध्ये (जनरल मोटर्सच्या गाड्यांत) उलट: रिकामी ०, भरलेली ९०. अर्थिंग गंजली की रेझिस्टन्स वाढतो. त्यामुळे पहिल्यात टाकी रिकामी वाटते, दुसऱ्यात भरलेली. हे दुसरं रस्त्यात दगा देणारं.

टेंपरेचर सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना मी कधी माफ करणार नाही. त्या आट्याच सेन्सरचं अर्थिंग असतात. टेप जाड बसली की अर्थिंग बिघडतं, काटा थंड दाखवत राहतो, इंजिन उकळत असलं तरी. आणि प्रयोगाची सुटी वायर कायमची बांधून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यांनाही नाही.

दुरुस्ती साधी आहे. बोल्ट काढा, रिंग टर्मिनलवरची (वायरीच्या टोकाच्या कडीवरची) हिरवट बुरशी आणि पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकाकता धातू काढा, घट्ट आवळा. गंज रोखायला ग्रीस किंवा रंग लावायचा तो आवळून झाल्यावर, वरून. आधी लावलात तर रंगाच्याच थरावर नवी अर्थिंग बसवाल.