क्षेपणभूमीतील वायूंचे मापन

शहराचा कचरा वर्षानुवर्षे जिथे टाकला जातो त्या क्षेपणभूमीतून, म्हणजेच डंपिंग ग्राउंडवरून, हवेत किती वायू जातो हे काढण्याच्या पद्धती. ओला कचरा दबला की आतला प्राणवायू संपतो आणि त्याच्याविना जगणारे जीवाणू कचरा कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो.

सर्वांत सोपी पद्धत बंद पेटीची. बूड नसलेली पेटी उपड्या बादलीसारखी जमिनीवर ठेवून कडा मातीत दाबतात आणि दर काही मिनिटांनी आतली हवा सिरिंजने काढून तपासतात. मिथेन ज्या वेगाने वाढतो त्याला पेटीच्या घनफळाने गुणून तिने व्यापलेल्या क्षेत्रफळाने भागले की दर चौरस मीटरचे उत्सर्जन मिळते. अडचण अशी की वायू सगळीकडून सारखा निघत नाही. भेगा, उतार आणि वायू गोळा करायला पुरलेल्या नळ्यांच्या कडा यांतून तो जोरात येतो. नेमकी भेग हुकली तर सगळा हिशेब फसतो.

अमेरिकेत उपकरणाची नळी जमिनीलगत धरून पूर्ण जागा चालत तपासतात. मिथेन दशलक्षात ५०० भागांवर गेला की तिथली गळती बुजवावी लागते. गळती शोधायला हे उत्तम. पण हवेतले प्रमाण म्हणजे उत्सर्जन नव्हे, आणि ही गल्लत वारंवार होते.

संपूर्ण जागेचा आकडा हवा असेल तर मागोवा-वायूची पद्धत अधिक भरवशाची. क्षेपणभूमीवरून ॲसिटिलीन ठरावीक दराने सोडतात आणि वाऱ्याच्या दिशेला दूरवर गाडीतून दोन्ही वायू मोजतात. ॲसिटिलीनचा दर माहीत असल्याने गुणोत्तरावरून मिथेनचा दर निघतो.

सरकारी अहवालांतले आकडे मात्र बहुधा कचऱ्याचे वजन, त्यातला जैविक भाग आणि कुजण्याचा वेग यांवरून गणिताने काढलेले असतात. ते मोजून पडताळणे किती गरजेचे आहे, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासाने दाखवले. त्यात मुंबईतील कांजूरमार्ग क्षेपणभूमीतून तासाला सुमारे १० टन मिथेन निघत असल्याचे आढळले. असे उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावरून मिथेन ओळखतात आणि ढगांआडचे त्यांना दिसत नाही. पावसाळ्यात, कचरा सर्वांत ओला असताना, मुंबईत जमिनीवरूनच मोजावे लागते.