खानदेशातील समाजकार्य : डिजिटल साधने आणि प्रत्यक्ष संपर्क

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अंगणवाडी सेविका, आशा आणि संस्था-संघटनांचे कार्यकर्ते मोबाइलवर नोंदी ठेवतात. ते करताना गृहभेट, गावबैठक आणि बोलीतला संवाद कसा टिकवायचा, हा या लेखाचा विषय आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. पुढे रेशन, रोजगार हमीची मजुरी, अनुदाने अंगठ्याच्या ठशाशी आणि ओटीपीशी जोडली गेली. घरात एकच मोबाइल असतो आणि तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. अशा घरी ओटीपी येतो तो घरातल्या बाईपर्यंत पोहोचतच नाही. तिथे कार्यकर्त्यालाच मध्ये पडावे लागते.

सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. पाडे विखुरलेले, रेंज मिळाली तर टेकडीवर. सेविका मुलाच्या दंडाला पट्टी लावते, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरते; त्याच्या वजन-उंचीचे आकडे पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या शासकीय ॲपमध्ये जातात. आई पहाटेच मजुरीला जाते, धाकट्याला मोठी बहीण सांभाळते, हे मात्र चुलीपाशी बसून पावरी किंवा भिली या तिथल्या बोलीत विचारल्यावरच कळते. उपचार ठरवायला ही माहिती आकड्याइतकीच लागते, पण ॲपमध्ये तिला रकाना नाही. २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी शासनाचे निकृष्ट मोबाइल परत केले. माहिती इंग्रजीत भरावी लागते, हीही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती.

साधनांचा उपयोग नाकारता येत नाही. वनहक्क दाव्यांत जीपीएसने मोजलेली हद्द आदिवासी शेतकऱ्याच्या हाती ठोस पुरावा देते. मात्र मोजणीआधी ग्रामसभा बसवून, शेजाऱ्यांना बांधावर उभे करून हद्द ठरवावी लागते. तसे केले नाही तर नकाशावरून नवे भांडण उभे राहते.

प्रत्यक्ष ओळखीची जागा मोबाइलवरच्या मजकुराने घेतली की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरणही खानदेशातलेच आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सॲपवर पसरलेल्या अफवेतून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशी अफवा आली की खात्रीसाठी कुणाला विचारायचे, हे गावाला आधीच ठाऊक असले पाहिजे; ती ओळख कार्यकर्त्याच्या नियमित फेऱ्यांतूनच तयार होते. त्या फेऱ्यांचा वेळ ऑनलाइन नोंदी खात असतील, तर नोंदी कमी करणे हाच उपाय आहे.