ओके : अर्थ आणि वापर

ओके हा मूळचा अमेरिकी इंग्रजीतला होकारदर्शक शब्द. ठीक आहे, चालेल, कळले, बरं, सुखरूप, जेमतेम बरा या सगळ्या छटा तो एकटा सांभाळतो. विशेषण, क्रियाविशेषण, नाम, क्रियापद आणि उद्गार अशा पाचही नात्यांनी तो वाक्यात येतो. दोन मोठी अक्षरे, मध्ये टिंबे दिलेली दोन अक्षरे किंवा चार अक्षरांचा पुरा शब्द अशा तीन प्रकारे तो इंग्रजीत लिहिला जातो आणि तिन्ही प्रकार शुद्ध धरले जातात.

शब्दाचा जन्म वृत्तपत्रांतल्या एका थट्टेतून झाला. १८३०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या पत्रकारांत एक टूम निघाली होती : नेहमीच्या शब्दप्रयोगाचे स्पेलिंग मुद्दाम चुकवायचे आणि त्या चुकीच्या स्पेलिंगाची आद्याक्षरे छापायची. ‘ऑल राइट’चे (oll wright) असे ‘ओ. डब्ल्यू.’ झाले, ‘नो गो’चे (know go) ‘के. जी.’ झाले. २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’साठी (oll korrect) ‘ओ. के.’ छापून आले. खऱ्या स्पेलिंगात ‘ऑल’ ए अक्षराने आणि ‘करेक्ट’ सी अक्षराने सुरू होतो. म्हणजे ‘सगळे बरोबर’ सांगणारी दोन्ही अक्षरे चुकीची. वाचकाने हसायचे ते यालाच.

त्या टुमेतली बाकीची अक्षरे लवकरच विरली. ओके टिकला तो १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीमुळे. पुन्हा निवडणूक लढवणारे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे. त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत आणि त्याची आद्याक्षरेही ओ आणि के अशीच येत. समर्थकांनी ओके क्लब काढले, घोषणा दिल्या. उलट विरोधकांनी हूल उठवली की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नव्हते, म्हणून ते कागदपत्रांवर ‘ऑल करेक्ट’ऐवजी ओके असा शेरा मारत. व्हॅन ब्युरेन हरले, विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले; शब्द मात्र घरोघर पोचला. जॅक्सन यांच्यावरची ती हूल पुढे कित्येक वर्षे खरा इतिहास म्हणून सांगितली जात होती.

व्युत्पत्तीबद्दल दुसरेही दावे आहेत. चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषेतल्या ‘ओकेह’पासून तो आला, हे मत अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पटले होते आणि ते स्वतः ‘ओकेह’ असेच लिहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या होकाराशीही त्याचे नाते जोडले जाते. पण उच्चार जुळणे हा पुरावा नव्हे. कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वृत्तपत्रांचे ढीग उपसून १८३९पासूनचे छापील दाखले तारीखवार मांडले आणि १९६३-६४मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. आज कोशकार हीच मांडणी ग्राह्य धरतात, आणि ते योग्यच आहे.

शब्दाला कामकाजात पक्के स्थान दिले ते तारायंत्राने. संदेश नीट मिळाला की पलीकडचा कर्मचारी ही दोन अक्षरे पाठवी. त्यातून ‘पोचले’ हा अर्थ ओकेला कायमचा चिकटला. ‘मान्य’ हा अर्थ आधीपासून होताच. ऐकले, समजले आणि कबूल आहे या तीन वेगळ्या गोष्टी. ओके तिन्हींसाठी चालतो आणि त्यातली नेमकी कोणती ते स्वतः सांगत नाही. या शब्दाची सोय आणि धोका दोन्ही इथेच आहेत.

रोजच्या बोलण्यात सूर आणि प्रसंग ही उणीव भरून काढतात. पडलेल्या माणसाला ‘आर यू ओके?’ विचारले तर चौकशी दुखापतीची असते. क्षमा मागणाऱ्याला ‘इट्स ओके’ म्हटले तर विषय मिटतो. नाटक ओके होते असे सांगितले तर स्तुती झाली असे कोणी समजत नाही : ओके मान्यता देतो, शाबासकी देत नाही. वरिष्ठाने मसुदा ओके केला म्हणजे पुढच्या कामाला परवानगी मिळाली. तो मसुदा त्याला आवडलाच असेल असे नाही. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये दाखवून दिले की फोनवर उतरत्या सुरात आलेला ओके बहुधा होकारासाठी नसतोच. ‘माझे बोलून झाले, तुमचे काही राहिले आहे का?’ असे विचारून तो संभाषण आवरते घ्यायची वाट करून देतो.

जिथे सूर पुरत नाही तिथे काय होते ते २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडेओस विमानतळावर दिसले. दाट धुक्यात डच कंपनी केएलएम आणि अमेरिकी कंपनी पॅन ॲम यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या सहवैमानिकाने कळवले, ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत.’ नियंत्रक म्हणाला, ‘ओके’, आणि क्षणभर थांबून, ‘टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो.’ त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिकही बोलू लागला, दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून कर्कश आवाज झाला आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट ऐकू गेला तो ओके एवढाच. त्यांचे विमान धावू लागलेच होते. टकरीत ५८३ माणसे गेली. धुके, गर्दी, निघण्याची घाई ही कारणे होतीच, पण या घटनेनंतर रेडिओवरची भाषा कडक झाली. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसत्या ओकेने उत्तर न देता ती सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची, असा दंडक पडला.

संगणकाच्या पडद्यावर ओकेचे बटण आज सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ॲपलच्या लिसा संगणकाची चाचणी सुरू असताना त्या जागी ‘डू इट’ असे लिहिलेले होते. अक्षरांच्या वळणामुळे काही जणांनी ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असे वाचले आणि संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतो म्हणून एक जण चिडलाही. मग बटणावर ओके आले. वेबवर सर्व्हरने, म्हणजे मागितलेले पान पुरवणाऱ्या संगणकाने, मागणी यशस्वीपणे पुरी केली की तो २०० हा आकडा आणि ओके पाठवतो. तारायंत्राच्या काळातला अर्थ तिथे जवळजवळ जसाच्या तसा उरला आहे.

अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ ही ओकेची खूण मात्र सगळीकडे सारखी नाही. जपानमध्ये तिचा एक अर्थ पैसे असा आहे, ब्राझीलमध्ये ती अश्लील मानली जाते. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरांमध्ये ती प्रश्न आणि उत्तर दोन्ही असते : एकाने ‘ठीक आहेस ना?’ म्हणून दाखवायची, दुसऱ्याने ‘ठीक आहे’ म्हणून तीच परत करायची. तिथे उभा अंगठा दाखवून चालत नाही, कारण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे.